ढेपेत अडकलेलं प्रथिन

जिनिंगवाल्यांचा एक हिशेब तोंडपाठ असतो. एक क्विंटल कापूस आत गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, आणि उरलेले दोन-एक किलो म्हणजे घट: कचरा, धूळ, उडून गेलेला ओलावा. वाण कोणतं, वेचणी कितवी, कापूस किती ओला, यावर हे आकडे दोन-तीन किलोंनी मागेपुढे होतात, एवढंच. म्हणजे ज्याला आपण तंतूचं पीक म्हणतो ते वजनाच्या हिशेबात दोन तृतीयांश बियांचं पीक आहे. जळगाव-धुळ्याकडचा शेतकरी रुईची चर्चा करतो, व्यापारी गाठींची करतो, सरकार हमीभावाची करतं, आणि सरकी बिचारी मागच्या दाराने तेलगिरणीत निघून जाते.

त्या सरकीत प्रथिनं किती? अख्ख्या बियात, टरफल धरून, साधारण २० टक्के. ६४ किलो सरकीत जवळपास १३ किलो. एकरी सहा क्विंटल कापूस पिकला असं धरलं, तर त्या एकरात रुईखेरीज ७५ ते ८० किलो प्रथिन तयार होतं. ६५ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिन लागतं. वर्षाचे झाले २० किलो. म्हणजे कोरडवाहू कपाशीचा एक एकर कागदावर चार माणसांची वर्षाची प्रथिनांची गरज भागवतो, तेही कापडासाठी जे पिकवायचं ते पिकवून झाल्यावर. त्यासाठी वेगळी जमीन नको, वेगळं पाणी नको, खताचं एक जादा पोतं नको.

हाच हिशेब देशाला लावून पाहू. वर्षाला ३०० लाख गाठी, गाठ १७० किलोची. त्यावरून सरकी निघते ९५ लाख टनांच्या घरात, आणि तिच्यात प्रथिन सुमारे १९ लाख टन. देशात तूर पिकते साधारण ३५ लाख टन, तिच्यातलं प्रथिन भरतं साडेसात लाख टनांच्या आसपास. डाळीचा भाव चढला की जहाजं भरून तूर आणणारा आपला देश तुरीच्या दुपटीहून जास्त प्रथिन कपाशीच्या शेतात पिकवतो आणि ते थेट ताटात येऊ शकत नाही.

उद्याचं अन्न म्हटलं की हल्ली प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस, शेवाळाची भुकटी, किड्यांचं पीठ यांचीच नावं निघतात. सिंगापूरने २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रयोगशाळेतल्या कोंबडीच्या मांसाला विक्रीची परवानगी दिली, त्याच्या बातम्या आपल्याकडेही झळकल्या. ब्रिटनमध्ये बुरशीपासून केलेलं प्रथिन १९८० च्या दशकापासून दुकानात मिळतं. हे सगळं आपल्या जागी ठीक. पण खानदेशापुरतं बोलायचं तर नवं प्रथिन पोलादी टाक्यांत वाढवण्याची गरज नाही. ते बोदवड, धरणगाव, शिरपूरच्या जिनांच्या आवारात ढिगाने पडलेलं असतं. त्याचं कुलूप कुठे आहे आणि ते कोणकोणत्या किल्ल्यांनी उघडतं, ते क्रमाने पाहू.

सरकीचा दाणा रात्रभर पाण्यात ठेवावा आणि सकाळी ब्लेडने उभा चिरावा. वरून पांढरी बारीक लव असते. रेच्यातून निघाल्यावरही ती बियाला धरून राहते. तेलगिरणीच्या भाषेत तिला लिंटर म्हणतात. लवेखाली काळपट तपकिरी, चांगलं जाड टरफल. त्याच्या आत फिकट पिवळसर मगज, पानांची घडी करून कोंबल्यासारखा. आणि त्या मगजावर, कुणी खसखस सांडावी तसे, बारीक काळसर ठिपके. हे ठिपके बोटाने चोळले तर पिवळा-तपकिरी डाग पडतो. सगळी अडचण या ठिपक्यांत आहे.

हे ठिपके म्हणजे रंगद्रव्याच्या ग्रंथी, आणि त्यांत भरलेलं असतं गोसिपॉल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते रसायनशास्त्रज्ञांना सापडलं: १८८६ मध्ये ते सरकीच्या तेलातून वेगळं काढलं गेलं आणि १८९९ मध्ये मार्खलेव्स्की नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने त्याला आजचं नाव दिलं. झाडासाठी ते संरक्षणाचं हत्यार आहे. पानं, खोड, बोंडं, बी, सगळीकडे या ग्रंथी असतात. अळीने पान कुरतडलं, उंदराने बी फोडलं, की तोंडात विष जातं. बोंडअळ्यांनी काळाच्या ओघात हे विष पचवायला शिकून घेतलं, ती गोष्ट वेगळी. बाकीच्या अनेक किडी आणि जनावरं मात्र त्यामुळेच कपाशीला तोंड लावत नाहीत. पिकावर किडीचं एवढं संकट असताना हे विष नसतं तर काय झालं असतं, याचा अनुभव पुढे अमेरिकेने घेतला. त्याकडे येऊच.

मग गाय-म्हैस सरकीची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, कशी खाते? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात, कोठीपोटात, जिवाणूंचा मोठा कारखाना चालतो. तिथे गोसिपॉल खाद्यातल्या प्रथिनांना घट्ट चिकटतं आणि पुढे आतड्यात रक्तात शिरण्याजोगं फारसं मोकळं उरत नाही. मोकळं आणि चिकटलेलं हा फरक लक्षात ठेवावा लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं. विष असतं ते मोकळं गोसिपॉल. वासराचं कोठीपोट पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून लहान वासरापुढे सरकीची ढेप टाकू नये. पैदाशीच्या वळूलाही ती बेतानेच द्यावी, कारण जास्त गोसिपॉलने वीर्याची प्रत घसरते. जुने गुराखी हे रसायनशास्त्र न शिकताही पाळत.

कोंबडी, डुक्कर, मासा, माणूस यांचं पोट एकाच कप्प्याचं. तिथे जिवाणूंचा हा कारखाना नाही. डुकरांना सरकीची ढेप जास्त झाली की हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन ती मरतात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात मोकळं गोसिपॉल गेलं की अंडं साठवणीत ठेवल्यावर आतला बलक हिरवट पडतो; असं अंडं कोण विकत घेणार? माणसाबाबतचा धडा चीनमधून मिळाला. न शुद्ध केलेलं सरकीचं तेल खाणाऱ्या काही खेड्यांत मुलंच होत नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यावरून १९७० च्या दशकात गोसिपॉलची पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी करून हजारो पुरुषांवर चाचण्या झाल्या. गोळी काम करत होती, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडले, आणि काहींची प्रजननक्षमता गोळी थांबवूनही परत आली नाही. शेवटी तो नाद सोडावा लागला.

आपल्या स्वयंपाकघरातलं सरकीचं तेल सुरक्षित का, हा प्रश्न इथे येणारच. घाण्यातून निघालेलं कच्चं सरकीचं तेल गडद तांबूस-काळं असतं; तो रंग गोसिपॉलचाच. रिफायनरीत त्याला कॉस्टिक सोड्याने धुतात. गोसिपॉल आम्लधर्मी असल्याने सोड्याशी जुळून साबणाच्या गाळात निघून जातं, मग मातीने तेलाचा रंग काढतात. बाटलीत येणारं फिक्कं तेल त्या विषातून मोकळं झालेलं असतं. तेलाचा प्रश्न जगाने शंभर वर्षांपूर्वीच सोडवला. प्रथिनाचा राहिला, कारण तेल धुता येतं तसं पीठ सोड्याने धुता येत नाही.

खानदेशात तेल माणसाला आणि पेंड जनावराला ही वाटणी फार जुनी. अमळनेरला १९४५ मध्ये सुरू झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी, जी पुढे विप्रो म्हणून जगाला माहीत झाली, ती मुळात वनस्पती तुपाचा आणि ‘७८७’ नावाच्या कपडे धुण्याच्या साबणाचा कारखाना होती. तेलाचं तूप होत होतं, उरल्यासुरल्याचा साबण, आणि पेंड गोठ्यात. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं.

आता गिरणीत काय होतं ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक तेलगिरण्यांत सरकी टरफलासकट एक्स्पेलरमध्ये दाबतात. तेल बाजूला होतं आणि चपट्या, कडक वड्या पडतात: ढेप. तिच्यात प्रथिन २२ टक्क्यांच्या आसपास, सहा-सात टक्के तेल राहिलेलं, आणि टरफल व लवेचा चोथा भरपूर. म्हशीला हा चोथा चालतो. राहिलेल्या तेलाने दुधाची फॅट वाढते, म्हणून डेअरीवाल्यांना हीच ढेप हवी असते. माणसाच्या अन्नाच्या दृष्टीने मात्र ही वाट सुरुवातीलाच बंद होते, कारण टरफलाचा भुगा मगजात मिसळला की तो पुन्हा वेगळा करणं जवळपास अशक्य. म्हणून पहिली पायरी गोसिपॉलची नाहीच, टरफलाची आहे. लव आधी कातून काढायची, मग बी फोडून टरफल चाळणीने आणि हवेच्या झोताने वेगळं करायचं, मगजाचे पापुद्रे करायचे आणि हेक्झेन या द्रावकाने तेल खेचून घ्यायचं. अशा पेंडेत प्रथिन ४० टक्क्यांच्या वर जातं, तेल अधिक मिळतं, लिंटरचे वेगळे पैसे येतात. अमेरिका, चीन इथे हे नेहमीचं आहे. आपल्याकडे यंत्रांचा खर्च आणि ढेपेला असलेली हुकमी मागणी या दोन कारणांनी जुनीच पद्धत टिकली. यात गिरणीवाल्यांना दोष देता येत नाही. जे विकलं जातं ते माणूस करतो.

टरफल गेलं, तेल गेलं, पीठ हाती आलं. आता त्यातलं गोसिपॉल. साध्या मगजात ते किलोमागे पाच ते दहा ग्रॅम असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची माणसाच्या अन्नातली मर्यादा आहे मोकळ्या गोसिपॉलची: किलोमागे ४५० मिलिग्रॅम. म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक काढायला हवं. वाटा तीन-चार आहेत.

सगळ्यांत जुनी वाट उष्णतेची. ओलसर मगज शिजवला की ग्रंथी फुटतात, गोसिपॉल बाहेर येतं आणि प्रथिनाला चिकटतं. मोकळं गोसिपॉल घटतं, विषाचा जोर ओसरतो. तामिळनाडूत मदुराईच्या रस्त्यांवर ‘परुत्ती पाल’ मिळतं: सरकी भिजवून, वाटून काढलेलं दूध, गूळ आणि सुंठ घालून भरपूर उकळलेलं. लोक ते आवडीने पितात. माणसाने सरकी कधी तोंडात घातलीच नाही, असं नव्हे. पण उकळण्याची किंमत असते. गोसिपॉल प्रथिनातल्या लायसिन नावाच्या घटकालाच धरून बसतं, आणि एकदा धरलं की ते लायसिन शरीराला मिळत नाही. सरकीच्या प्रथिनात लायसिन आधीच बेताचं. म्हणजे विष काढताना आपण प्रथिनाची प्रतही उतरवतो.

लायसिन म्हणजे काय प्रकरण आहे, ते खानदेशच्या जेवणातून झटकन कळतं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी, उडदात भरपूर. उडदात दुसरे एक-दोन घटक कमी, ते ज्वारीत आहेत. दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्याकडचा कळणा म्हणजे हेच. ज्वारी आणि अख्खे उडीद सालासकट दळायचे, साधारण चारास एक, प्रत्येक घरचं प्रमाण निराळं. मीठ घालून भाकरी थापायची. वांग्याचं भरीत, ठेचा, कच्चं तेल. आहारशास्त्राने ज्याला प्रथिनांची पूरकता म्हटलं ती जात्यावर आधीच दळली जात होती.

हीच युक्ती वापरून सरकीचं पीठ एकदा जगाच्या दुसऱ्या टोकाला हजारो मुलांच्या पोटात गेलेलं आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात ‘इनकॅप’ ही पोषणसंस्था १९४९ मध्ये सुरू झाली. नेव्हिन स्क्रिमशॉ तिचे पहिले संचालक, आणि रिकार्डो ब्रेसानी तिथले अन्नशास्त्रज्ञ. दूध परवडत नाही, मुलं सुजून मरतात, आणि देशात कापूस मात्र पिकतो, असा तो प्रदेश. त्यांनी मका, ज्वारी आणि सरकीचं पीठ यांचं मिश्रण केलं. त्यातला सरकीच्या पिठाचा वाटा ३८ टक्के होता. जोडीला थोडं यीस्ट, पानांची भुकटी आणि जीवनसत्त्वं. ‘इनकापारिना’ या नावाने ते बाजारात आलं आणि गरम पेजेसारखं पिण्याची तिथल्या आयांना सवय झाली. गोसिपॉल ठरावीक मर्यादेत राहील असं निवडक पीठ घेणं, हा त्यातला कळीचा भाग होता. पुढे सरकीची जागा सोयाबीनने घेतली, कारण सोयाबीन स्वस्त झालं आणि त्यात हा ताप नव्हता. तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली: नीट निवडलेलं सरकीचं पीठ मुलं खातात, पचवतात आणि त्यावर वाढतात. ज्वारी आणि सरकी, म्हणजे अगदी आपल्या बांधावरच्या दोन वस्तू, हे वाचून मला तरी चुकचुकल्यासारखं होतं.

दुसरी वाट द्रावकाची. हेक्झेनमध्ये तेल विरघळतं पण गोसिपॉल फारसं नाही; मेथॅनॉल किंवा अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात ते विरघळतं. म्हणून दोन द्रावकं लागोपाठ वापरायची, एकाने तेल, दुसऱ्याने गोसिपॉल. उष्णता कमी लागते, लायसिन वाचतं. चीनमध्ये शिनजियांगच्या कापूसपट्ट्यात या पद्धतीने ५० टक्क्यांच्या वर प्रथिन असलेली पेंड तयार होते आणि मासे-कोंबड्यांच्या खाद्यात जाते. अडचण अशी की द्रावक पुन्हा गोळा करण्याचा खर्च मोठा, आग लागण्याचा धोका कायम, आणि प्रकल्प छोटा असला तर परवडत नाही. तालुक्याच्या गिरणीचं हे काम नव्हे.

तिसरी वाट आंबवण्याची, आणि ती आपल्या हवेला जास्त मानवणारी. काही बुरशी आणि यीस्ट गोसिपॉल मोडून टाकतात. ओलसर ढेपेवर त्यांचं विरजण लावायचं, दोन-तीन दिवस उबेत ठेवायचं, वाळवायचं. बुरशी वाढताना स्वतःच्या प्रथिनाचीही भर घालते, त्यामुळे लायसिनची बाजू थोडी सुधारते. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून असलेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने, आजच्या ‘सिरकॉट’ने, या दिशेने काम करून अशी ढेप कोंबड्यांच्या खाद्यासाठी वापरून पाहिली आहे. काळजी घ्यायची ती भलत्या बुरशीची. ढेप पावसाळ्यात ओलसर गोदामात राहिली की तिच्यावर आपोआप जी बुरशी चढते ती अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते जनावराच्या पोटातून दुधात उतरतं आणि तिथून आपल्या पेल्यात. ढेप विकत घेताना तिचा भाव विचारला जातो, ती किती कोरडी आहे हे फारसं कोणी विचारत नाही.

चौथी वाट झाडातूनच विष काढून टाकण्याची. १९५० च्या दशकात अमेरिकेत मॅकमायकल नावाच्या संशोधकाला होपी या मूलनिवासी लोकांच्या कपाशीत ग्रंथी नसलेली झाडं सापडली. त्यांच्यापासून ठिपके नसलेली सरकी तयार झाली, पांढरीशुभ्र मगजाची. सगळे खूश झाले. वाण शेतात लावलं आणि ज्या किडी एरवी कपाशीकडे बघत नव्हत्या त्या तुटून पडल्या. उंदीर-सशांनीही हजेरी लावली. शेतकऱ्याने सरकीच्या पिठासाठी रुईवर पाणी का सोडावं? वाण मागे पडलं.

पुढचं पाऊल टाकलं ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी. त्यांचा प्रश्न नेमका होता: पानात, खोडात, बोंडाच्या सालीत गोसिपॉल राहू दे, फक्त बियात नको. झाड गोसिपॉल करतं ते एका साखळीने, आणि त्या साखळीच्या सुरुवातीला डेल्टा-कॅडिनिन सिंथेज नावाचं एक विकर लागतं. त्या विकराची कृती जनुकात असते; जनुकातून आरएनएची प्रत निघते, आणि त्या प्रतीवरून विकर बनतं. राठोड यांच्या चमूने झाडात असा तुकडा घातला की त्यातून दुमडलेला, दुहेरी आरएनए तयार व्हावा. पेशीला असा दुहेरी आरएनए दिसला की ती त्याचे बारीक तुकडे करते आणि त्याच्याशी जुळणाऱ्या सगळ्या प्रती नष्ट करत सुटते. विकराची प्रत गेली, साखळी तुटली. आणि हा तुकडा फक्त बी भरत असतानाच जागा व्हावा म्हणून त्याच्यापुढे बियात साठणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाचं चालू-बंदचं बटण जोडलं. बाकी झाडात तो झोपलेलाच राहतो. २००६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. बियातलं गोसिपॉल जवळपास संपलं, पानातलं जसंच्या तसं राहिलं. जगभरच्या सरकीतलं प्रथिन सुमारे ५० कोटी माणसांची गरज भागवू शकेल, असा हिशेबही त्यांनी त्याच लेखात मांडला होता. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लागवडीला आणि अन्न प्रशासनाने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये खाण्याला हिरवा कंदील दाखवला. चव हरभऱ्याच्या वळणावर जाते, असं राठोड यांनी सांगितलेलं आहे. शेवभाजीच्या मुलखाला याहून चांगली बातमी कोणती द्यायची!

पण ती बातमी इथे पोचायला वाट लांब आहे. आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज खानदेशात दिसेल ती कपाशी बीटीच. तिच्या सरकीचं तेल आपण खातो, ढेप आपली जनावरं खातात. तरी थेट अन्न म्हणून जनुक बदललेलं पीक म्हटलं की गाडी अडते: बीटी वांगं २०१० च्या फेब्रुवारीपासून थांबलेलं आहे, मोहरीच्या वाणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या दोन निकालांवर येऊन ठेपला. त्यात एक नवं सरकीचं पीठ भारतात कोण आणि कशासाठी रेटेल? अमेरिकेतही परवानगीनंतर हे वाण शेताशेतात पसरलेलं नाही.

माझ्या मते सुरुवात माणसाच्या ताटापासून होणारच नाही, ती कोंबडीच्या फीडरपासून होईल. नवापूर हे कोंबडीपालनाचं मोठं केंद्र. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. तिथल्या अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य मका आणि सोयापेंडीवर चालतं. त्या सोयापेंडीचा काही भाग जरी आंबवलेल्या किंवा द्रावकाने धुतलेल्या सरकीच्या पेंडेने भागला, तर तेवढं सोयाबीन माणसासाठी मोकळं होतं, आणि कायद्याची, चवीची, लोकांच्या मनाची अडचण मध्ये येत नाही. अंड्याचा बलक पिवळा राहिला की परीक्षा पास. मक्याच्या बाबतीत असं एक उदाहरण शेजारीच आहे: दोंडाईच्याला स्टार्चचा कारखाना आहे, आणि मक्यातून स्टार्च काढताना जे ग्लुटेन बाजूला पडतं त्यात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असू शकतं. ते पशुखाद्यात जातंच. आधी खाद्य, मग अन्न, असाच प्रवास सरकीच्या प्रथिनाचाही होऊ शकतो.

जळगावच्या डाळमिलांबद्दल दोन वाक्यं बोलायलाच हवीत. क्विंटलभर तुरीतून डाळ निघते ७०-७५ किलो. दाण्यातला डाळीचा खरा भाग असतो ८५ किलोंच्या पुढे. मधली तफावत तुकडा आणि पीठ होऊन चुनीत जाते आणि चुनी गोठ्यात. सरकीतल्या विषाशी झगडण्याआधी हे दहा-बारा किलो वाचवायचे तर लागतं एवढंच: दाणा भरडण्यापूर्वी ओलावा नीट मुरवणं आणि रोलर योग्य बसवणं. त्यात नवं काही नाही, म्हणून त्यावर परिषदा होत नाहीत.

सरकीकडे परत येतो, कारण तीन व्यावहारिक प्रश्न राहिले. पहिला पैशाचा. कापसाचा भाव रुई आणि सरकी दोन्हींनी मिळून ठरतो. ढेपेला मागणी वाढली की सरकी चढते, आणि सरकी चढली की शेतकऱ्याच्या कापसाला क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळतात. प्रथिनाला नवा ग्राहक आला तर ते शेतकऱ्याला हवंच आहे. पण तीच ढेप महागली की म्हशीवाल्याचं गणित बिघडतं, आणि खानदेशात कपाशीवाला आणि म्हशीवाला बहुधा एकाच घरात राहतात. जनावराच्या पोटात गेलेल्या प्रथिनाचा साधारण चौथा हिस्सा दुधात उतरतो; उरलेलं वाया गेलं असं कागद म्हणतो. पण त्याच म्हशीने ज्वारीचा कडबा आणि बांधावरचं गवतही दुधात बदललेलं असतं, जे माणसाला कोणत्याही पद्धतीने खाता येत नाही, आणि शेण पुन्हा शेतात गेलेलं असतं. म्हणून सगळी ढेप गोठ्यातून काढून घ्यावी, असं कोणी सुचवलं तर मी त्याच्या बाजूने नाही. निर्यात होणारी, किंवा पावसात भिजून नासणारी, तिच्यापासून सुरुवात करावी.

दुसरा प्रश्न फवारणीचा. कपाशी आपण तंतूचं पीक समजून फवारतो. गुलाबी बोंडअळी वाढली, की शेवटच्या वेचणीपर्यंत पंप खांद्यावर. त्याच बोंडातलं बी माणसाच्या ताटात यायचं असेल, तर फवारणी आणि वेचणी यांत किती दिवस सोडले, कोणतं औषध मारलं, याचा हिशेब भाजीपाल्यासारखा ठेवावा लागेल. द्राक्षवाल्यांनी युरोपसाठी तो ठेवायला शिकून घेतला. कपाशीत अजून कोणी विचारलेलंही नाही. वेळेत शेत मोकळं करणारा, फरदड न ठेवणारा शेतकरी या बाबतीत पुढे आहे. त्याच्या फवारण्या आपोआप कमी होतात.

तिसरा प्रश्न ढिगाचा. जिनच्या आवारात दिवसभरात शंभर गाड्या रिकाम्या होतात आणि सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात पडतो: खेडा खरेदीचा, बाजार समितीतला, कोरडा, कवडी, सगळा. कमी गोसिपॉलचं वाण उद्या आलंच तर त्याचा ढीग वेगळा, रेचा वेगळा, सरकीचं गोदाम वेगळं ठेवावं लागेल, कारण एक गाडी जरी साध्या सरकीची मिसळली तरी पूर्ण लॉट तपासणीत नापास होऊ शकतो. ग्रंथी नसलेलं जुनं वाण असेल तर दाणा चिरून ठिपके पाहता येतील. राठोड यांच्या वाणात मात्र ग्रंथी असतात, फक्त फिक्या. तिथे डोळ्यावर भागत नाही, प्रयोगशाळेतच पाठवावं लागतं. हे वेगळेपण सांभाळायला जिनवाल्याला क्विंटलमागे किती जास्त मिळायला हवं, यावर कोणीतरी एकदा बोदवड किंवा धरणगावला बसून जिनवाल्यांसोबत कागद-पेन्सिलीने हिशेब करायला हवा.